टेकडीवर पाणी कधी येतं

४ जानेवारी १९८६, शनिवार

नोकरी लागल्यापासून डायरी सुटली होती. आज पुन्हा धरतो आहे. लातूरच्या बैठकीहून एस.टी.नं परतताना खिडकीशी बसलो होतो. बाहेर ज्वारी गुडघ्याएवढीच राहून वाळलेली, आणि माझ्या डोक्यात मात्र बऱ्याच दिवसांनी उत्साह. तो उतरायच्या आत लिहून ठेवावं.

जिल्हा होऊन तीन वर्षं उलटली तरी लातूरच्या कचेरीत अजून सामान लागतंच आहे. एका कपाटावरचं 'उस्मानाबाद' हे नाव खरवडून काढलंय, तरी वाचता येतं. जिल्ह्यातल्या नगरपरिषदांचे आम्ही सगळे मुख्याधिकारी बाकांवर दाटीवाटीनं बसलो होतो. टंचाईचं काम पाहणारे पंचाक्षरी साहेब बोलले. म्हणाले, "पाऊस पाडणं आपल्या हातात नव्हतं. पण लोकांना काय देणार ते आधी ठरवायचं, आणि दिलं की नाही ते दर महिन्याला मोजून सांगायचं, एवढं तर हातात आहे. उद्दिष्टं तुमची तुम्हीच ठरवा. पण ठरवल्यावर सबबी सांगू नका."

मला हे बोलणं फार पटलं. बाकीच्यांनी एकमेकांकडं बघून डोळे मिचकावले.

बसमध्येच दोन उद्दिष्टं ठरवली. एक, बेलहाळच्या प्रत्येक वॉर्डात एक दिवसाआड टँकर पोचलाच पाहिजे. दोन, पाण्याच्या तक्रारी निम्म्यावर आल्या पाहिजेत. आमच्याकडं तीन टँकर आहेत. नदीकाठच्या विहिरीला अजून पाणी आहे. जमेल.

बाहत्तरच्या दुष्काळात आई-बाप उमरीच्या रस्त्यावर खडी फोडत होते आणि मी नांदेडला वसतिगृहात शिकत होतो. तेव्हा कुठल्या साहेबानं काय ठरवलं होतं आणि काय मोजलं होतं, कुणास ठाऊक. आता ठरवणारा मी आहे. घरी आल्यावर विशाखाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आधी जेवून घ्या."

६ जानेवारी, सोमवार

नगराध्यक्ष व्यंकटरावांना उद्दिष्टं वाचून दाखवली. आडत दुकानातच बसले होते, गादीवर. ऐकून हसले. "साहेब, जे जमून राहिलंय तेच लिवा की. पोरगं पास होईल एवढाच पेपर काढायचा असतो."

मी म्हटलं, थोडा अवघड काढू.

पाणीपुरवठा पाहणारे महादेवप्पा निलंग्याकडचे. चांगला माणूस, पण कामात अघळपघळ. त्यांचं म्हणणं, टँकर विहिरीवरून निघाला की खेप मांडायची. मी ठाम नाही म्हटलं. टँकर वॉर्डात पोचायला हवा आणि तिथल्या एका रहिवाशानं पोचल्याची सही द्यायला हवी. तरच खेप धरायची. महादेवप्पा म्हणाले, "हाव साहेब, तसं करू." आता यात फसवाफसवीला जागाच उरली नाही.

तक्रारींसाठी कचेरीत वेगळी खिडकी काढली. अकरा ते दोन. वर नवी पाटी लावली.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन नीट झालं. विशाखा जिल्हा परिषदेच्या कन्या शाळेत चौथीला शिकवते. तिनं डिसेंबरपासून पोरींचं लेझीम बसवलं होतं. पण ऐन वेळी निम्म्याच पोरी हजर. रांगा मोडून लहान गोल करावा लागला. व्यंकटराव माझ्या कानाशी म्हणाले, "बाईंचं उद्दिष्ट हुकलं की हो." मी हसलो. विशाखाला ते लांबूनच कळलं असावं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "टेकडीच्या वस्तीवरची एकही आली नाही."

थंडी असेल, मी म्हटलं. सकाळी खरंच गारठा होता.

"आज त्यांच्याकडं टँकरचा दिवस होता," ती म्हणाली आणि पोरींच्या टिपऱ्या-लेझमी पिशवीत भरू लागली. आजसुद्धा सुट्टी न घेता टँकर टेकडीवर गेला, हे तिलाही माहीत आहे हे ऐकून बरं वाटलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

पहिल्या महिन्याचा तक्ता लातूरला गेला. ठरवलेल्या खेपांपैकी जवळजवळ सगळ्या पोचल्या. दोन-चार हुकल्या त्या टायर फुटल्यामुळं. टेकडीवरची वस्ती सगळ्यात अवघड, रस्ता खालीच संपतो. तरी टँकर टेकडीच्या पायथ्याशी ठरल्या दिवशी उभा राहिला. सह्या आहेत.

तक्रारींचं तर मलाच नवल वाटलं. खिडकी उघडली तेव्हा पहिले काही दिवस बायकांची झुंबड होती. महिनाअखेर कारकून रिकामा बसून पेपर वाचू लागला. दुपारी मी मुद्दाम जाऊन पाहिलं. खिडकीपुढं चिटपाखरू नाही. लोकांचं समाधान असं दिसतं तर.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

विशाखाचं हल्ली एकच. तिचा वर्ग. एक दिवस भरलेला, दुसऱ्या दिवशी अर्धा. परत भरलेला, परत अर्धा.

मी गमतीनं म्हटलं, "एक दिवसाआड आजारी पडतात की काय?"

तिला हसू आलं नाही. "तुळजासारखी पोरगी. गणितात पहिली. तिला विचारलं तर म्हणते, बाई, आजी कामावर जाते, मी नंबर धरते. वह्यासुद्धा घेऊन बसते म्हणे तिथं."

मी म्हटलं, पालकांना शिक्षणाचं महत्त्व पटवलं पाहिजे. शाळेनं सभा घ्यावी. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि दिवा बारीक केला.

आमच्या घरी मात्र पाण्याची अशी ओढ नाही. क्वार्टरला नळ आहे, थोडंफार येत असावं. मागच्या दारचा पिंप मला तरी कधी रिकामा दिसला नाही. मुख्याधिकाऱ्याच्या घरातच ठणठणाट असता तर लोकांनी काय विश्वास ठेवला असता!

५ मार्च, बुधवार

आजचा दिवस आयुष्यभर लक्षात राहील.

पंचाक्षरी साहेबांनी सगळ्यांचे तक्ते समोर ठेवले आणि म्हणाले, "बेलहाळ पहिलं. सोनकांबळे, उभे रहा." उभा राहिलो. त्यांनी माझी पद्धत सगळ्यांना सांगायला लावली. सही, वॉर्ड, खिडकी. बोलताना आवाज खाली गेला. बाप असता तर म्हणाला असता, पोरा, आवाज मोठा कर.

मग उदगीरकडच्या खेड्यांचा विषय निघाला. तिथल्या विहिरी पार आटल्या, बायका कोसभर चालून राहिल्या आहेत. टँकर वाढवून मिळत नाहीत. पंचाक्षरी साहेबांनी पुन्हा तक्ता पाहिला. "बेलहाळमध्ये तक्रारच नाही. तुमचं उद्दिष्ट दोन टँकरवर भागेल का?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी मनात हिशेब केला. खेपा वाढवल्या, चालकांना थोडं दामटलं तर एक दिवसाआड जमतं. मी म्हटलं, "भागेल, साहेब."

एक टँकर सोडून आलो. वाईट वाटलं नाही, उलट अभिमान वाटला. जे खरंच तहानलेत त्यांना पाणी मिळेल.

विशाखाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले. "कुणाला विचारलं होतं का?"

"कुणाला विचारायचं? आकडे समोर होते."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. रात्री जेवण होताच अंथरुणावर पडली. दमली असेल. परीक्षा जवळ आल्यापासून तिची फार धावपळ होते.

१४ मार्च, शुक्रवार

दोन टँकरवर एक दिवसाआड जमतंय. सह्या येत आहेत. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी दिवेलागणीला, पण टँकर पोचतो. महादेवप्पा थकलेले दिसतात. ऊन वाढलं.

२१ मार्च, शुक्रवार

टेकडीच्या पायथ्याशी आज चेंगराचेंगरी झाली. टँकर काल जायचा तो आज दुपारी पोचला. विहिरीवर लाईट नव्हती. दोन दिवस ताटकळलेले लोक एकाच वेळी नळ्यांवर तुटून पडले. एक मुलगी खाली सापडली, तिच्या हातावर भरलेला हंडा पडला. हाड मोडलं. महादेवप्पांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं.

कचेरीत खबर आली तेव्हा मी मार्चचा तक्ता तयार करत होतो. धावत गेलो. पोरगी बाकावर बसलेली, रडत नव्हती. शेजारी जमिनीवर विशाखा. शाळेतून तशीच आली होती, खडूचे हात.

"ही तुळजा," ती म्हणाली.

मग माझ्याकडं न बघता, "माझ्या हजेरीत आज ही गैरहजर होती. तुमच्या सहीत हजर."

 

२२ मार्च, शनिवार

संध्याकाळी टेकडीवर गेलो. पहिल्यांदाच वर चढून. आजवर टँकर उभा राहतो तिथपर्यंतच गेलो होतो.

तुळजाचं घर टोकाला. आजी सरजाबाई पाझर तलावाच्या कामावरून नुकतीच आली होती, पायांवर माती. मला ओळखलं नाही. महादेवप्पांनी सांगितल्यावर पदर सावरून पोतं अंथरलं. तुळजा गळ्यात हात अडकवून भिंतीशी बसली होती, दुसऱ्या हातानं पाटीवर काहीतरी काढत.

मी म्हटलं, "मावशी, पाणी कमी पडतंय का?"

"न्हाई की, साहेब. पाणी येतंय."

"मग?"

"कवा येतंय ते कुठं ठावं हाय? आमी उजाडायला कामावर जाताव. पाणी सकाळी आलं तर सकाळी, सांजच्याला आलं तर सांजच्याला. घरात एक माणूस बसूनच ठिवावं लागतंय दिसभर. म्हातारं हाय तर म्हातारं बसतंय. न्हाईतर लेकरू बसतंय." तिनं नातीकडं पाहिलं. "पोरगा असला तर बसत न्हाई, पळतंय. पोरगी बसती."

दारात तोवर चार-पाच बाया जमल्या होत्या. मी विचारलं, तक्रार का केली नाही? कचेरीत खिडकी आहे, अकरा ते दोन.

एक जण फिसकन हसली. "अकरा ते दोन आमी टँकरची वाट बघत बसताव की, साहेब!"

सगळ्या हसल्या. सरजाबाईसुद्धा. हसण्यात राग नव्हता, त्यानं जास्त लागलं.

उतरताना महादेवप्पा मागं मागं येत होते. मी म्हटलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"अय्यो साहेब, माहीत म्हंजे... रोज बघताव. पण तुमी इचारलं ते टँकर पोचला का एवढंच इचारलं."

घरी आल्यावर विशाखाला सगळं सांगू लागलो. जणू नवीन शोध. ती ऐकत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "दोन महिने मी दुसरं काय सांगून राहिले होते?"

२३ मार्च, रविवार

टँकर उशिरा का पोचतो ते डोळ्यांनी बघायचं ठरवलं. पहाटे विहिरीवर गेलो आणि चालक सटवाजीच्या शेजारी चढून बसलो. तो बावरला. "साहेब, जीप मागवू का?" नको म्हटलं.

भरून निघालो. टेकडी डावीकडं, टँकर उजवीकडं वळला. मला वाटलं, रस्ता खराब असेल. थांबला तो आमच्या क्वार्टरच्या मागच्या दारी. सटवाजी उतरला, नळी काढली आणि पिंपात सोडली. खाली मान घालून.

"हे काय?"

"पयलं साहेबाच्या दारी, साहेब. ही पयल्यापास्नंची रीत हाय. तुमच्या आधीचे साहेब हुते, त्यांच्याबी दारी."

मी बोलायच्या आत पिंप भरला. तिथून व्यंकटरावांच्या दुकानी. मग स्टँडसमोरच्या हॉटेलात. मग आणखी एका सदस्याच्या घरी. प्रत्येक ठिकाणी थोडंच पाणी, पण वेळ जायचा. कुणी झोपेतून उठायचं, कुणी भांडं शोधायचं, कुणी चहाचा आग्रह करायचं. टेकडीशी पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

विशाखाला विचारलं, "पिंप कोण भरतं हे तुला माहीत होतं?"

"तुम्हीच सांगितलंय असं मला वाटलं."

"मला वाटलं नळाचं आहे."

"नळाला दिवाळीपासून थेंब नाही." ती माझ्याकडं बघत राहिली. "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

तिला हायसं वाटलं की आणखी वाईट वाटलं, मला समजलं नाही. दोन महिने आम्ही एकमेकांबद्दल काय समजून बसलो होतो, कोण जाणे.

सटवाजीला सांगितलं, उद्यापासून माझं दार नाही. आमच्या गल्लीची पाळी येईल तेव्हा रांगेत उभे राहू.

२५ मार्च, मंगळवार

काल पाळी होती. मी हंडा घेऊन रांगेत उभा राहिलो. पुढचे लोक बाजूला सरकू लागले, "या साहेब, पुढं या." नाही म्हटलं तर गोंधळले. एकानं बायकोला हळूच विचारलं, "साहेबाची बदली झाली का काय?" विशाखाला हसू आवरेना. पुष्कळ दिवसांनी हसली.

आज व्यंकटरावांकडं गेलो. वाद होणार म्हणून मनाची तयारी करून गेलो होतो. नवी योजना सांगितली. पहाटे विहिरीवर लाईट हमखास असते, तेव्हाच टँकर भरायचे. सकाळी सहाला नगरपरिषदेचा भोंगा होतो तेव्हा टेकडी, मग खालचे वॉर्ड, प्रत्येकाची वेळ बांधलेली. वेळा फळ्यावर लिहायच्या, दवंडी द्यायची. आणि मोजायचं ते हेच, सांगितल्या वेळेला टँकर आला की नाही. अर्ध्या तासापेक्षा उशीर झाला तर ती खेप हुकली. तक्रारीची खिडकी बंद. कारकून टँकरबरोबर जाईल, तिथंच तक्रार घेईल.

"आणि मधे कुठंही थांबायचं नाही," मी म्हटलं.

व्यंकटरावांनी पान लावायचं थांबवलं. "माझ्या दुकानी हमाल पितात ते पाणी, साहेब. मी पीत न्हाई."

"हमालांना तुमच्या गल्लीच्या खेपेत मिळेल. वेळेवर मिळेल."

"लातूरला पयला नंबर हाय आपला. वेळ मोजाया लागलाव तर पार खाली जाताल. अजून इचार करा."

"केलाय."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "काल तुम्ही हंडा घेऊन रांगेत हुताव. सगळ्या गावानं बघितलं. आता टँकर माझ्या दारी थांबला तर लोक कुणाकडं बघतील?" आणि मान हलवून, "लई हुशार हाव तुम्ही, साहेब."

मी हुशारी म्हणून काही केलं नव्हतं. पण ते कबूल झाले, म्हणून समजावत बसलो नाही.

१ एप्रिल, मंगळवार

वेळा सुरू होऊन आठवडा झाला नाही तोवरच जीव मेटाकुटीला आला. निम्म्याहून जास्त खेपा हुकतात. सटवाजी पहाटे उठायला कुरकुरतो. एका टँकरचा पट्टा तुटला. सहा म्हणून सांगितलं आणि आठला पोचलो तर कारकुनाला बायकांनी असं काही ऐकवलं की तो रडकुंडीला आला. आधी वेळ सांगितलेली नसायची, तेव्हा उशीर हा प्रकारच नव्हता. आता आम्हीच स्वतःला खोटं पाडायची सोय करून ठेवली आहे.

तक्रारी तर ढिगानं. जानेवारीतल्यापेक्षाही जास्त.

मोजमाप बदललं हे चुकलं का, असं आज पहिल्यांदा वाटलं. व्यंकटराव काही बोलत नाहीत, नुसते बघतात.

महादेवप्पा मात्र बदलले. सटवाजीच्या घरासमोर पहाटे जाऊन स्वतः हाक मारतात. "ऊठ रे, टेकडी वाट बघून राहिलीय." मी त्यांना असं करायला सांगितलं नव्हतं.

५ एप्रिल, शनिवार

लातूरला नवा तक्ता घेऊन गेलो.  पंचाक्षरी साहेबांनी आकडे वाचले, चष्मा काढला.

"सोनकांबळे, मागच्या महिन्यात तुम्ही पहिले होता."

"हो, साहेब."

"तेव्हाच्या खेपा खोट्या होत्या?"

"नाही, साहेब. खऱ्या होत्या. आताही तेवढ्याच आहेत. पण तेव्हा टँकर किती वेळा गेला ते मी मोजत होतो. त्याची वाट किती वेळ पाहावी लागली ते मोजत नव्हतो. आणि तक्रार नव्हती कारण तक्रार करायला यायला कुणी मोकळं नव्हतं." मग तुळजाचं सांगितलं. तिचं नाव घेतलं नाही.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मी टँकर परत मागितला. तेवढ्यासाठी रात्रभर वाक्यं जुळवली होती.

"तो उदगीरकडं आहे," पंचाक्षरी साहेब म्हणाले. "तिथून काढून तुम्हाला दिला तर तिथल्या बायकांना काय सांगू? तुम्हीच सांगा."

मी खाली बसलो.

ते म्हणाले, "भागेल असं तुम्ही म्हणाला होता. तुमच्या गोपनीय अहवालात याचा शेरा येईल." मी मान हलवली. मग त्यांनी माझा तक्ता पुन्हा उचलला आणि सगळ्यांकडं पाहिलं. "तुमच्यापैकी कुणाच्या गावात टँकरची वेळ लोकांना माहीत आहे?"

 मागं हसणारा खिडकीबाहेर बघू लागला.

"पुढच्या महिन्यात हा रकाना सगळ्यांनी आणायचा," ते म्हणाले आणि पुढचा विषय घेतला.

विशाखा एस.टी. स्टँडवर उभी होती. असं ती कधी येत नाही. "शेरा येणार," मी म्हटलं. "येऊ द्या," ती म्हणाली आणि माझी पिशवी घेतली.

१३ एप्रिल, रविवार

उद्या बाबासाहेबांची जयंती. भीमनगरची मंडळी कचेरीत आली. मला वाटलं निमंत्रण द्यायला. निमंत्रण होतंच, पण मुख्य मागणी वेगळी. उद्या त्यांच्या वॉर्डात टँकर चारला आहे आणि मिरवणूक पाचला निघते. तेवढ्यात पाणी भरून, आंघोळी करून बायकांचं आवरणार नाही. म्हणून उद्यापुरती वेळ तीनची करा.

मी वैतागलो. दुष्काळात पाणी मिळतंय हे काय कमी आहे, तर त्यातही वेळ बदलून हवी! मोठ्या मुश्किलीनं जुळवलं. महादेवप्पा खुशीत होते, का ते कळलं नाही. घरी कुरकुर केली तर विशाखा म्हणाली, "मागच्या महिन्यात असं मागायला आले असते का?"

१७ एप्रिल, गुरुवार

आज टेकडीची पाळी. गेल्या तीन खेपा वेळेवर गेल्या असं महादेवप्पा म्हणत होते. चौथीची परीक्षाही सुरू आहे. बघून यावं म्हणून सटवाजीशेजारी बसून गेलो.

भोंगा व्हायच्या थोडं आधीच पायथ्याशी पोचलो. 

तिथं कुणीच नव्हतं.

ना माणूस, ना घागर. ज्या जागी महिन्यापूर्वी लोक तुटून पडले होते तिथं एक कुत्रं पडलेलं. सटवाजीनं इंजिन बंद केलं. "साहेब, माणसं कुठं गेली ओ?" मलाही तेच वाटलं. कुठलं लग्न? कुणी गेलं? की आमच्यावरचा भरवसा सोडून सगळ्या नदीकडं निघून गेल्या? वर चढणाऱ्या वाटेकडं बघत राहिलो. चुलींचा धूर दिसत होता. कुठल्या तरी घरात एक पोरगी मोठ्यानं पाढे म्हणत होती.

मग गावातून सहाचा भोंगा झाला.

पहिलं दार टोकाचं उघडलं. मग त्याखालचं. मग सगळीच. बाया डोक्यावर घागर घेऊन उतरू लागल्या, घाईनं नाही, बोलत बोलत. कुणी केस विंचरता विंचरता आलेली, कुणाच्या कडेवर लेकरू. रांग आपोआप लागली. सरजाबाई पिठाच्या हातानंच आली. मला पाहून घागर खाली ठेवली.

"आलाव व्हय? लौकर सोडा पाणी, साहेब. भाकर तव्यावर टाकून आल्याव."